मोटारीतील वाटाड्या

मोटारीत चालकाच्या डाव्या हातास, जेथे पूर्वी रेडिओची दोन बटणे आणि फार तर एक घड्याळ असे, तेथे हल्ली वहीच्या पानाएवढा एक पडदा असतो. खिशातील स्मार्टफोन तारेने किंवा बिनतारी रीतीने ह्या पडद्यास जोडला, म्हणजे फोनमधील नकाशा, संगीत व निरोपांची अ‍ॅप त्यावर उमटतात आणि कोणी अदृश्य गृहस्थ किंवा बाई आपणांस वाट सांगू लागते. मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाही, आणि ठाण्याच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकविण्यात माझा सारा काळ गेला. तेव्हा ह्या पडद्याविषयी मी काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु वाट दाखविणे हा उद्योग मोटारीहून फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या ठाणे-कल्याणच्या मुलखात जितका स्पष्ट दिसतो तितका तो क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

ह्या विषयाकडे माझे लक्ष गेले ते एका फजितीमुळे. गेल्या वर्षी आमच्या नात्यातील एका मुलीचा साखरपुडा मानपाड्यास होता. जावई पुण्याहून मोटार घेऊन आले होते. त्यांस हा मुलूख नवा. आम्ही नौपाड्यातून निघालो. त्यांनी निघतानिघता पडद्यावर ‘मानपाडा’ असे नाव घातले, समोर आलेल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि गाडी सुरू केली. मी मागच्या आसनावर दुपारच्या जेवणाच्या गुंगीत होतो. डोळे उघडले तेव्हा कापूरबावडी मागे पडली होती आणि गाडी घोडबंदर रस्त्याने चालली होती. मी दचकून म्हटले, “जावईबापू, आपण कोठे निघालो?” ते पडद्याकडे हात करून म्हणाले, “बाबा, मानपाडा चार मिनिटांवर आलं.” आणि खरोखरच चार मिनिटांनी मानपाडा आले! मात्र ते ठाण्याचे मानपाडा. साखरपुडा होता तो डोंबिवलीजवळच्या, कल्याण-शीळ रस्त्यावरील मानपाड्यास. रस्त्याच्या कडेस एक बाई पेरू विकत बसल्या होत्या. जावयांनी काच खाली करून कार्यालयाचे नाव विचारले, तेव्हा त्या बाईंनी उत्तर दिलेच नाही, त्यांनी उलट प्रश्न केला, “कुठलं मानपाडा? इथलं का डोंबिवलीचं?”

दोष यंत्राचा म्हणावा तर तसेही नाही. त्याने कदाचित दोन्ही नावे पुढे ठेविली असतील, घाईत आमचे बोट पहिल्यावर पडले. परंतु त्या बाईंचा उलट प्रश्न माझ्या मनातून जाईना. वाट विचारणारास वाट सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे ही वाटाड्याची खरी विद्या होय.

ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे ते पाहा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तकडील कोणा ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्याने अरबी समुद्रातील बंदरांची एक मार्गदर्शिका लिहून ठेविली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. कोणत्या बंदरानंतर कोणते बंदर, तेथे काय विकावे, काय घ्यावे, धोका कोठे आहे, हे सारे तीत आहे. तीत आपल्या कल्याणचे नाव ‘कल्लिएना’ असे आले आहे, आणि तेथे गेलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचकडे नेली जातात असा इशाराही आहे. म्हणजे आजचा नकाशा ज्याप्रमाणे पुढील रस्ता बंद असल्याचे सांगतो, त्याच जातीची ही सूचना! त्याहून मौजेची गोष्ट अशी की, भडोचच्या खाडीत शिरणे अवघड असल्यामुळे राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी नावा घेऊन समोर येत व परक्या गलबतांस वाट दाखवीत, असे हाच ग्रंथ सांगतो. इतके तपशीलवार पुस्तक हाती असूनही शेवटच्या काही कोसांस जिवंत माणूस लागत असे.

खुष्कीच्या मार्गावरही तोच प्रकार होता. जुन्नराहून नाणेघाट उतरून माल कल्याणच्या बंदरात येई. घाटमाथ्यावर सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख आजही आहे, आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजणही आहे. ह्या वाटांवर बैलांचे तांडे चालत ते कोणाच्या तरी तोंडी ज्ञानावर. कान हेच त्या काळचे मार्गदर्शनाचे साधन होते.

पुढे गावगाड्यात हे काम एका समाजावर कायमचे लादले गेले. सरकारी अंमलदार किंवा प्रवासी गावात आला की त्यास पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचविणे, त्याचे ओझे वाहणे, सांगावा नेणे ही महारांच्या वतनाची कामे समजली जात. ऊन असो की पाऊस, बोलावणे आले की निघावयाचे. मोबदला नाममात्र आणि मान मुळीच नाही. वाट ज्याला सर्वांत उत्तम ठाऊक, त्यालाच गावाच्या विहिरीवर पाय ठेवण्यास बंदी, असा हा आपल्या समाजाचा न्याय! डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या वतनांसंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडले. ती वतने नाहीशी झाली ती १९५८ च्या कायद्याने. आपल्या मोटारीतील गोड आवाजाचा वाटाड्या फुकट राबतो ह्याचे कौतुक करताना, त्याच्या आधीच्या वाटाड्यांस कसे राबविले गेले ह्याची आठवण मला इतिहासाचा शिक्षक म्हणून टाळता येत नाही.

इंग्रजी अमदानीत वाट कानाकडून डोळ्यांकडे गेली. मोजणी झाली, नकाशे छापले गेले, रस्त्याच्या कडेस मैलांचे दगड उभे राहिले. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. रूळ पडल्यावर वाट विचारण्याचा प्रश्नच उरला नाही, फक्त स्टेशनाची पाटी वाचता आली म्हणजे पुरे. ज्याला वाचता येत नसे तो शेजाऱ्यास विचारी. मोटारी आल्यावर प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संस्था स्थापन झाली. सभासदांस मार्गांची माहिती पुरविणे हे अशा संस्थांचे एक मुख्य काम असते. तरीही मोटार हाकता हाकता घडीचा नकाशा उलगडणे ही कसरतच. एक हात चाकावर, एक हात नकाशावर, आणि वारा नकाशा उडवितो आहे, हे दृश्य माझ्या पिढीने पुष्कळ पाहिले आहे.

मोटारीत पहिल्याने बोलू लागला तो रेडिओ. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, आणि १९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसविण्याजोगा रेडिओ विक्रीस काढला. त्यास त्यांनी ‘मोटोरोला’ हे नाव दिले. तेव्हाही, चालकाचे चित्त विचलित होईल, अपघात होतील, अशी तक्रार तिकडे झाली; काही ठिकाणी बंदीच्या सूचनाही पुढे आल्या. रेडिओ टिकला, कारण त्याला केवळ कान लागतो. ज्या माध्यमातून मी आज बोलतो आहे त्याची ही बढाई नव्हे. पुढील हकीकतीचा हाच दुवा आहे.

१९८५ साली कॅलिफोर्नियात ‘ईटॅक’ नावाचे यंत्र विकावयास आले. मोटारीत एक लहानसा हिरवट पडदा, आणि नकाशा साठविलेला तो चक्क कॅसेटीवर! उपग्रहांचा त्यात संबंध नव्हता. चाके किती फिरली आणि होकायंत्र काय म्हणते ह्यावरून ते आपली जागा ओळखी. त्याचे नावसुद्धा पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या दर्यावर्दींच्या मार्गशोधनाच्या पद्धतीवरून घेतलेले होते. पुढे अमेरिकेचे चोवीस उपग्रहांचे जाळे १९९५ साली पूर्ण झाले. सामान्य जनांस मिळणाऱ्या संकेतांत तिकडचे सरकार मुद्दाम चूक मिसळीत असे; ती चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि मोटारीस आपला रस्ता नेमका ओळखता येऊ लागला. आपल्या देशानेही २०१३ ते २०१६ ह्या काळात स्वतःचे सात उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेस ‘नाविक’ असे समर्पक नाव मिळाले आहे.

ह्याच सुमाराचे आमच्याकडील एक स्मरण सांगण्याजोगे आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीनजीक प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. १९९० नंतरच्या दशकात तेथे फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या सहकार्याने प्यूजो ३०९ ही मोटार तयार होत असे. ती कंपनी थोड्याच वर्षांत बंद पडली. त्या मोटारीत पडदा नव्हता. चालकास मानपाडा कोठे हे स्वतःसच ठाऊक असावे लागे. आज त्याच रस्त्याने जाणारी नवी मोटार फोनला विचारल्याशिवाय वळत नाही.

फोन आणि मोटार ह्यांची सोयरीक जुळली ती मात्र अगदी अलीकडे. अ‍ॅपल कंपनीने ‘कारप्ले’ ही योजना मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पुढे आणली. गूगलचे ‘अँड्रॉइड ऑटो’ मार्च २०१५ मध्ये आले. आपल्या देशात २०१५-१६ पासून मध्यम किमतीच्या गाड्यांतही ही सोय दिसू लागली. पुष्कळांची अशी समजूत आहे की मोटारीतच संगणक असून तोच वाट शोधतो. तसे नाही. सारा विचार फोन करतो. तयार झालेले चित्र तो पडद्याकडे पाठवितो, आणि आपण पडद्यावर बोट टेकविले की त्याची वार्ता पडदा फोनला कळवितो. फोन काढून घेतला की तो नकाशा नाहीसा होतो. वर्गातील फळ्याने गणित सोडविले असे कोणी म्हणत नाही, तद्वतच हे.

आता जी गोष्ट मला ह्या पडद्यात सर्वांत विचार करण्याजोगी वाटली ती ही, की त्याचे मोल तो काय दाखवितो ह्यात जितके आहे तितकेच तो काय दाखवीत नाही ह्यात आहे. फोनमध्ये शंभर अ‍ॅप असली तरी पडद्यावर मोजकीच येऊ शकतात. आलेला निरोप अक्षरांत मांडण्याऐवजी वाचून दाखविला जातो; उत्तर तोंडी द्यावयाचे असते. गाडी धावत असता चित्रपट दाखविला जात नाही. वर्गातील द्वाड पोराच्या दप्तरातून गोट्या, भोवरा काढून घेऊन त्यास पाटी-पेन्सिल तेवढी ठेवू द्यावी, तसा हा प्रकार आहे. कायद्याचीही दृष्टी हीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन, चालविताना हातात फोन धरणे हे धोकादायक चालविण्यात गणले गेले. पहिल्या अपराधास एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कारावास, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी केवळ वाट पाहण्यापुरता, आणि तोही चित्त ढळणार नाही अशा रीतीने, त्याचा उपयोग करण्यास मुभा दिली.

चित्त ढळणे म्हणजे किती, ह्याचे गणित आपण करून पाहू. मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल तर एका सेकंदात ती १६ मीटरांहून अधिक पुढे जाते. पडद्यावर दोन सेकंद दृष्टी गेली तर ३३ मीटर, म्हणजे शाळेच्या तीन-चार वर्गखोल्यांची लांबी, आपण डोळे मिटून गेलो असा अर्थ होतो. इंग्लंडमध्ये २०२० साली वाहतूक संशोधकांनी चालकांवर प्रयोग करून मोजमाप केले. अचानक आलेल्या प्रसंगास प्रतिसाद देण्यास लागणारा वेळ, तिकडच्या कायद्याने मुभा असलेल्या मर्यादेइतके मद्य घेतलेल्यांच्या बाबतीत सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. पडद्यावर बोटाने काम करणाऱ्यांच्या बाबतीत अँड्रॉइड ऑटोस ५३ आणि कारप्लेस ५७ टक्क्यांनी. तेच काम तोंडी सांगून करविले तेव्हा वाढ अनुक्रमे ३० व ३६ टक्के होती. बोटापेक्षा तोंड बरे, ह्यात शंका नाही. पण तोंडही निर्धोक नव्हे. सोय म्हणून आलेले साधन मद्याहून महाग पडावे हा आकडा मी आमच्या जावयांस वाचून दाखविला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तेव्हा बरे वापरले तर हे यंत्र आपणांस डोळ्यांकडून पुन्हा कानाकडे आणते. परंतु कानाने वाट सांगावयाची तर नावे नीट उच्चारावी लागतात, आणि येथे आपल्या यंत्राची त्रेधा उडते. इंग्रजांनी ठाण्यास प्रथम ‘टन्ना’ केले, मग ‘थाना’. आता इंग्रजी बोलणारा वाटाड्या इंग्रजी अक्षरे वाचून त्याचे ‘थेन’ करतो, आणि ऐकणारा प्रवासी आपण स्कॉटलंडात आलो की काय अशा मुद्रेने पाहतो! २०२१ च्या जानेवारीत गूगलने आपल्या नकाशावरील स्थळनामे मराठीसह दहा भारतीय भाषांच्या अक्षरांत दाखविण्याची सोय केली, ही समाधानाची गोष्ट होय. पण नाव म्हणजे केवळ अक्षरे नव्हेत. आमच्या ठाण्यात चौकास कारखान्याचे नाव असते, ‘नितीन कंपनी’. डोंबिवलीत ‘चार रस्ता’ म्हटले की आणखी काही सांगावे लागत नाही. आणि पत्ता सांगताना आपण घरक्रमांक सांगतच नाही, देवळासमोर, पिंपळापाशी, पिठाच्या गिरणीच्या बोळात, असे सांगतो. हे ज्ञान कोणी तरी यंत्रास सांगितल्यावाचून त्याला येत नाही.

उंचीचे ज्ञान हीही त्याची एक अडचण. माजिवडा-कापूरबावडीकडे रस्त्यावर रस्ते चढले आहेत. उपग्रहांच्या संकेतांवरून मोटार पुलावर आहे की पुलाखाली हे ओळखणे यंत्रास अवघड पडते. ह्याचे फळ किती भयंकर असू शकते ते जुलै २०२५ मध्ये बेलापूर येथे दिसले. रात्री एकच्या सुमारास एका बाईंनी पडद्यावरील वाटेचे अनुसरण केले, खाडीच्या पुलावर जाण्याऐवजी मोटार पुलाखालच्या रस्त्याने धक्क्याकडे गेली आणि सरळ खाडीत पडली. जवळच सागरी सुरक्षेचे पोलीस होते म्हणून त्या वाचल्या. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात मात्र दैव तितके अनुकूल नव्हते. कोतूळकडून अकोल्यास जाणारा पूल धरणाच्या पाण्याखाली गेला होता, नकाशाने तीच वाट दाखविली, आणि अंधारात मोटार पाण्यात जाऊन चालविणारा बुडाला. पूल वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो हे कोतुळातील कोणत्याही दुकानदाराने सांगितले असते. जुलै २०२४ मध्ये गूगलने चाळीस भारतीय शहरांत उड्डाणपुलाची पूर्वसूचना देण्याची योजना जाहीर केली. तीमुळे पहिल्या प्रकारची चूक काही अंशी टळावी. दुसऱ्या प्रकारच्या चुकीस माणसाने माणसास विचारणे ह्यावाचून उपाय मला दिसत नाही.

ह्यावरून मी ह्या यंत्राचा वैरी आहे असे कोणी समजू नये. कल्याणचा पत्रीपूल आपणांस आठवत असेल. १९१४ सालचा तो लोखंडी पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरविला गेला आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या सव्वादोन वर्षांत जन्मभर कल्याणात राहिलेल्यांचे ज्ञानही पुरेसे पडेना. अमुक वेळी कोंडी कोठवर आली आहे हे पडद्यावरील तांबड्या रेघेने सांगावे आणि शहाण्याने अर्धा तास उशिरा निघावे, असा क्रम होता. ती तांबडी रेघ येते कोठून? पुढे अडकून पडलेल्या लोकांच्या खिशांतील फोन, गाडी किती हळू चालली आहे हे नकळत कळवीत असतात त्यावरून. म्हणजे आपण सारेच एकमेकांचे वाटाडे झालो आहोत. जुन्या वेठीशी ह्याची तुलना करणे अन्यायाचे होईल, कारण आपणांस ऊन लागत नाही की ओझे वाहावे लागत नाही. मात्र न विचारता घेतलेले काम, एवढा अंश दोहोंत समान आहे, आणि फोनच्या मालकाने तो जाणून असावे.

त्या दिवशी आम्ही घोडबंदर रस्त्यावरून परत फिरलो, कळव्याचा पूल ओलांडला, मुंब्र्यावरून शीळफाट्यास आलो. खिडकाळीचे महादेवाचे देऊळ गेले, काटई नाका गेला. पडद्यातील आवाज अधूनमधून बोलत होता, पण जावई आता प्रत्येक फाट्यास आरशातून माझ्याकडे पाहून विचारीत होते, “बाबा, बरोबर ना?” मी प्रीमियरच्या जुन्या जागेकडे बोट दाखविले आणि म्हटले, “आता पुढचंच मानपाडा.” कार्यालयात शिरलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि पेढ्यांचे तबक फिरत होते. मुलीच्या आजोबांनी विचारले, “एवढा उशीर का हो, मास्तर? वाट चुकलात की काय?” चाळीस वर्षे भूगोल शिकविलेल्या माणसास ह्या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण गेले. मी पेढा तोंडात घातला.